उंचावरच्या ट्रेकचं हलकं सामान, वापरून झाल्यावर

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एका वस्तूचा नाही, अख्ख्या किटचा आहे. चार ते साडेपाच हजार मीटरच्या पट्ट्यात, जिथे रात्री बाटलीतलं पाणी गोठतं आणि दुपारी ऊन चेहरा सोलून काढतं, तिथे पाठीवर जे जे वाहून नेलं त्यातलं काय पटलं, काय पुन्हा नेणार नाही आणि काय जड असलं तरी नेणारच, ते सगळं लिहितेय. कारण हलक्या सामानाबद्दल जे वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं खालच्या जंगलातल्या लांबलचक वाटा चालणाऱ्यांनी लिहिलेलं असतं, तिथे ते बरोबरच असतं, पण झाडी संपली की गणित बदलतं. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, साडेपाच हजारांच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजनही निम्मा, आणि मग पाठीवरचा एक जास्तीचा किलो चढावर असा काही जाणवतो की बोलायची सोय नाही. म्हणून वजन कमी करायलाच हवं. पण ऊब देणारी वस्तू तिथे फसली तर रात्री दोन वाजता करण्यासारखं काही उरत नाही.

त्यामुळे मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारते, ही मध्यरात्री वाऱ्यात निकामी झाली तर मी काय करीन? उत्तर "चालवून घेईन" असेल तर ती वस्तू मिळेल तितकी हलकी घ्यायची. उत्तरच सुचत नसेल तर तिथे ग्रॅम मोजायचे नाहीत.

मॅटपासून सुरू करते, कारण बहुतेक जण सगळं बजेट स्लीपिंग बॅगवर घालवतात आणि खाली काहीतरी पातळ अंथरतात. डाऊनची, म्हणजे बॅगेत भरलेल्या बदकाच्या मऊ पिसांची, ऊब असते ती त्याच्या फुगण्यात, आणि अंगाखाली दबलेलं डाऊन फुगणार कसं, त्यामुळे बॅग कितीही भारी घ्या, खालून जी थंडी येते ती मॅटनेच अडवायची असते. मॅटची ही ताकद आर-व्हॅल्यूमध्ये मोजतात. आकडा जितका मोठा तितकी मॅट उबदार. 2018 साली एएसटीएम या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने एफ3340 नावाचं मोजमापाचं प्रमाण ठरवून दिलं, त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची, म्हणून कुणाची जुनी मॅट मिळत असेल तर तिचा आकडा नव्या मॅटच्या आकड्याशी ताडून बघू नका.

माझ्यापुढे दोन पर्याय होते, दोन्ही थर्मारेस्ट कंपनीचेच. निओएअर एक्सलाईट एनएक्सटी, रेग्युलर साईझ, वजन 370 ग्रॅम, आर-व्हॅल्यू 4.5. आणि निओएअर एक्सथर्म एनएक्सटी, वजन 440 ग्रॅम, आर-व्हॅल्यू 7.3. म्हणजे फक्त 70 ग्रॅम जास्त उचलायचे आणि जवळजवळ तीन पॉईंट ऊब वाढवून घ्यायची. अख्ख्या किटमध्ये इतका स्वस्त सौदा, म्हणजे वजनाच्या हिशेबात स्वस्त, दुसरा कुठेही नाही, म्हणून मी डोळे झाकून एक्सथर्मची शिफारस करते. बर्फ लागणारच नसेल आणि मोसम बरा असेल तर एक्सलाईट पुरते. घडीची फोमची मॅटही बरेच जण नेतात, झी लाईट सोल 410 ग्रॅमची आहे आणि आर-व्हॅल्यू 2.0, म्हणजे एकटीने गोठलेल्या जमिनीवर ती कमीच पडणार, पण तिला भोक पडून ती रिकामी होत नाही हा तिचा मोठा गुण. एकावर एक अंथरल्या तर आर-व्हॅल्यूंची बेरीज होते हे लक्षात ठेवा. मी एक्सथर्मच्या खाली पाठीपुरता तीन मिलिमीटरचा फोमचा तुकडा टाकते, त्याने खडे टोचत नाहीत, दुपारी बसायला होतो, आणि मॅट फुटलीच तर ती रात्र काढता येते.

फुगवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण हे दुकानात कुणी सांगत नाही. दिवसभर चढून आल्यावर पाच हजार मीटरवर तोंडाने मॅट फुगवायला बसलात तर दहाव्या फुंकेला डोळ्यांपुढे काजवे चमकतात, शिवाय श्वासातली वाफ आत जाऊन थंडीत तिथेच गोठते. मॅटबरोबर येणारी पंपाची पिशवी घरी ठेवून थोडेसे ग्रॅम वाचवू नका. संध्याकाळी उन्हात टच्च फुगवलेली मॅट रात्री हवा गार झाली की आपोआप मऊ पडते, लोकांना वाटतं लीक झाली आणि अंधारात भोक शोधत बसतात. झोपायच्या अगदी आधी चार फुंका वाढवून घेतल्या की काम होतं. लीक खरंच असेल तर ते वेगळं. एका कंपनीच्या मॅटचा व्हॉल्व्ह मला पहिल्याच थंड मुक्कामात दगा देऊन गेला, तासातासाला पाठ जमिनीला टेकायची. तेव्हापासून नवी मॅट आली की घरी रात्रभर फुगवून वर वजन ठेवून बघते, सकाळी उंची कमी दिसली तर सरळ परत.

स्लीपिंग बॅग. इथे आकड्यांचा घोळ समजून घ्यायलाच हवा. बॅगेवर मोठ्या अक्षरात जे उणे दहा, उणे पंधरा छापलेलं असतं ते नक्की कशाचं आहे ते बघा. आयएसओ 23537 प्रमाणे तपासलेल्या बॅगेला तीन आकडे असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्री जिथे निवांत पडून झोपू शकेल ते तापमान, लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष जिथे अंग आखडून, न गारठता रात्र काढेल ते, आणि एक्स्ट्रीम म्हणजे झोपेचा नाही तर जीव वाचण्याचा आकडा, त्यातही हिमदंशाचा धोका धरलेलाच आहे. मला थंडी लवकर वाजते, त्यामुळे मी फक्त कम्फर्ट बघते आणि बाकीचे दोन नाहीत असंच समजते. पुरुषांनाही माझा सल्ला हाच आहे, कारण ही चाचणी प्रयोगशाळेत पुतळ्यावर होते, तिथे पुतळ्याला धाप लागलेली नसते, भूक मेलेली नसते, आणि उंचीवर तर पहिले काही दिवस धड जेवण जात नाही, पोटात इंधन नसलं की अंग तापत नाही.

डाऊन की सिंथेटिक, तर कोरड्या उंच प्रदेशात डाऊनच. फिल पॉवर म्हणजे एक औंस डाऊन किती घन इंच जागा व्यापतं तो आकडा, 800 किंवा त्याच्या वरचं घेतलं तर तेवढ्याच उबेला वजन कमी लागतं. पण फिल पॉवर मोठी म्हणजे बॅग उबदार असं नाही हं, आत डाऊन किती ग्रॅम भरलंय ते पण विचारा, 900 फिलचं मूठभर डाऊन भरलेली बॅग 700 फिलच्या भरगच्च बॅगेपुढे गारच. आणि एक सवय लावून घ्या, रात्रभर अंगातून आणि श्वासातून निघालेली वाफ बॅगेत शिरते, तीनचार मुक्कामांत बॅग चपटी दिसायला लागते, म्हणून दुपारी ऊन मिळालं की बॅग उलटी करून खडकावर पसरायची, उडू नये म्हणून चार दगड ठेवायचे. तोंड बॅगेत खुपसून झोपणं टाळायचं, नाकावर बफ, म्हणजे गळ्यातला नळीसारखा रुमाल, ओढून घ्यायचा.

क्विल्टबद्दल खूप जण विचारतात, म्हणजे पाठीमागचा भाग आणि चेन काढून टाकलेली पांघरुणासारखी बॅग. खाली फिरताना मला ती मनापासून आवडते. वजन खरंच वाचतं. पण उणे बाराला कूस बदलताना बाजूने जो वाऱ्याचा झोत आत शिरतो त्याने झोपेचं वाटोळं होतं, आणि तिला टोपी नसते. उंचावर मी डोक्यापासून पायापर्यंत बंद होणारी पूर्ण ममी बॅगच घेते, हा माझा ठाम कौल आहे.

डाऊन जॅकेटला टोपी हवीच, यावर चर्चाच नको. चालताना ते घालायचं नाही, घामाने ओलं झालं तर संपलं. चालण्यासाठी हल्ली पोलरटेक अल्फाचं जाळीदार फ्लीस मिळतं, हे कापड मुळात अमेरिकन सैन्याच्या विशेष दलांसाठी काढलं होतं, चढताना त्यातून घामाची वाफ लगेच बाहेर पडते आणि हातात धरलं तर काही धरलंय असं वाटत नाही इतकं हलकं असतं. नुसतं घातलं तर वारा आरपार जातो, पण वर पातळ विंडशीटर चढवला की गरम. माझ्या किटमध्ये हलकं आणि कामाचं असं दोन्ही एकत्र कुठे असेल तर ते या दोन कपड्यांत आहे. रेनजॅकेट साधं तीन लेयरचं, जास्त खिसे नकोत.

टेंटच्या बाबतीत मात्र मी हलक्या सामानवाल्यांच्या विरोधात आहे. ट्रेकिंग पोलवर उभे राहणारे डायनीमाचे टेंट बघायला सुंदर आहेत, हे डायनीमा कॉम्पोझिट फॅब्रिक, ज्याला आधी क्युबेन फायबर म्हणायचे, ते मूळ शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी बनवलेलं, पाणी शोषत नाही, ओलं झालं तरी ताण सोडत नाही, आणि वजन तर विचारूच नका. पण असा टेंट पूर्णपणे खुंट्यांवर उभा असतो. मोरेनवर, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांवर, खुंटी दोन बोटं पण आत जात नाही. मग मोठे दगड शोधा, त्यांना दोऱ्या बांधा, आणि हे सगळं डोकं ठणकत असताना, बोटं बधिर झालेली असताना करा. त्यापेक्षा स्वतःच्या पोलवर उभा राहणारा दोन माणसांचा डबल-वॉल, म्हणजे आत-बाहेर दोन कापडांचा, टेंट घ्या, आजकाल ते दीड किलोच्या आत मिळतात, दोघांनी वाटून घेतलं तर माणशी पाऊण किलो सुद्धा नाही. डबल-वॉलचा दुसरा फायदा असा की आतल्या बाजूला श्वासाची वाफ गोठून जो बर्फाचा भुगा साचतो तो बाहेरच्या कापडावर राहतो, सकाळी हलवल्यावर तोंडावर पडत नाही. खालचं कापड 10 किंवा 15 डेनिअरचं, म्हणजे फार बारीक धाग्याचं, असेल तर खाली एक पातळ प्लास्टिक शीट अंथरा, दगडांवर ते कापड फार दिवस तग धरत नाही. जादा दोऱ्या मात्र भरपूर न्या, त्यांचं वजन ते काय.

टेंट घेताना लेबलवरच्या वजनाने फसू नका, एक आकडा फक्त कापड आणि पोलचा असतो आणि दुसरा पिशव्या, खुंट्या, दोऱ्या सगळं धरून असतो, जाहिरातीत पहिलाच दिसतो. सॅकच्या बाबतीत पण हेच. एका कंपनीची सॅक घरी काट्यावर ठेवली तर छापलेल्या वजनापेक्षा चांगलीच जड निघाली, तक्रार केल्यावर सांगितलं की कमरेचा पट्टा आणि वरची झडप काढून मोजलंय! त्यामुळे किचनचा डिजिटल काटा हाच या छंदातला सगळ्यात उपयोगी सामानाचा तुकडा आहे, आलेली प्रत्येक वस्तू त्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा.

स्टोव्ह. इथे थंडीचं थोडं विज्ञान समजलं की निर्णय सोपा होतो. कॅनिस्टरमधला, म्हणजे गॅसच्या छोट्या डब्यातला, साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला वाफ व्हायचा थांबतो, आयसोब्युटेन साधारण उणे बाराला, आणि प्रोपेन थेट उणे बेचाळीसला. हे झाले समुद्रसपाटीचे आकडे, उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्यामुळे गॅसला बाहेर पडायला थोडी मदतच होते, पण कॅनिस्टर जळता जळता स्वतःच गार होत जातो आणि आतला प्रोपेन आधी संपतो, त्यामुळे भरलेला कॅनिस्टर मस्त चालतो आणि तोच अर्धा झाल्यावर पहाटे रुसून बसतो. म्हणून आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचाच घ्या, नुसता ब्युटेनवाला कितीही सहज मिळाला तरी नको. रात्री कॅनिस्टर बॅगेत पायाशी ठेवायचा, सकाळी उथळ ताटलीत कोमट पाणी घेऊन त्यात उभा करायचा, ज्योत पुन्हा निळी आणि जोमदार होते. आगीवर मात्र कधीही गरम करू नका, आणि बर्नरभोवती वारा अडवायला पत्रा लावलात तर कॅनिस्टर त्याच्या आत कोंडला जाणार नाही हे बघा.

मी एमएसआरचा पॉकेटरॉकेट 2 वापरते, 73 ग्रॅम, मुठीत मावतो, बिघडायला त्यात फारसं काही नाही. उघडा बर्नर असल्यामुळे वाऱ्यात गॅस जास्त जातो, म्हणून दगडांचा आडोसा बघून बसायचं. खूप बर्फ वितळवून पाणी करायचं असेल, मोठा ग्रुप असेल, तर सिस्टीम स्टोव्ह घ्या, म्हणजे बर्नरला जोडलेलं, तळाशी उष्णता धरणाऱ्या पट्ट्या असलेलं भांडं, वजन जास्त पण गॅस वाचतो आणि शेवटी हिशेब जुळतो. बर्फ वितळवताना भांड्याच्या तळाशी आधी घोटभर पाणी असू द्या. बटण दाबून ठिणगी पाडणारे लायटर उंचीवर भरवशाचे नाहीत, दगड-चाकवाला लायटर आणि कोरड्या पिशवीत काड्यापेटी, दोन्ही. टेंटच्या आत स्टोव्ह लावायचा नाही, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

पाण्यासाठी सॉयर स्क्वीझसारखा फिल्टर खाली उत्तम आहे, 85 ग्रॅमच्या आसपास, छिद्रं 0.1 मायक्रॉनची. पण एकदा ओला झालेला फिल्टर गोठला तर आतल्या बारीक नळ्या चिरतात, बाहेरून काही दिसत नाही आणि तुम्ही निर्धास्तपणे घाण पाणी पीत राहता. त्यामुळे तो दिवसा अंगाला लागून खिशात आणि रात्री बॅगेत, नाहीतर सरळ उकळा. पाच हजार मीटरला पाणी साधारण 83 अंशांनाच उकळतं, म्हणून 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं उकळू द्यावं असा सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा, सल्ला आहे. क्लोरीन डायऑक्साईडच्या गोळ्या वजनाला काहीच नाहीत, पण थंड पाण्यात त्यांना वेळ लागतो, पाकिटावर चार तास लिहिलंय तर चार तास थांबा.

बाटलीबद्दल मतभेद खूप आहेत. हलकं सामानवाले पाण्याची साधी बाटलीच नेतात, नालजीनची जाड प्लास्टिकची बाटली 180 ग्रॅमची आहे तर ती चाळीसच्या आत. मी एक साधी आणि एक नालजीन नेते. कारण संध्याकाळी नालजीनमध्ये उकळतं पाणी भरून, झाकण नीट पिळून, मोज्यात घालून बॅगेत मांड्यांच्या मध्ये ठेवलं की पहाटेपर्यंत ऊब टिकते आणि सकाळी प्यायला न गोठलेलं पाणी असतं. साधी बाटली उकळत्या पाण्याने आकसून वाकडी होते. बाहेर ठेवायची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूला धरतो, मग झाकणाकडचं पाणी मोकळं राहतं. नळीवाली पाण्याची पिशवी उंचीवर नको, नळी आधी गोठते.

सॅक सगळ्यात शेवटी घ्या, बाकी सामान जमल्यावर. फ्रेम नसलेली सॅक आठनऊ किलोपर्यंत छान, पण उंचावर गरम कपडे, गॅस आणि खाणं धरून वजन त्याच्या वर जातंच, मग सगळा भार खांद्यावर येतो आणि खांदे आवळले की श्वास पण आवळतो. फ्रेम आणि कमरेचा चांगला पट्टा असलेली, किलो-सव्वा किलोची सॅक मला योग्य वाटते.

बूट हा असा भाग आहे की जिथे वजन खरंच पायांना कळतं. प्रत्येक बुटात शंभर ग्रॅम वाढले तर चालायला साधारण एक टक्का जास्त ऊर्जा जाते, असं अभ्यासांतून दिसलंय. कोरड्या वाटेवर ट्रेल रनरच, म्हणजे डोंगरवाटांवर पळायचे हलके बूट, घालते, वाळतातही लवकर. बर्फातून लांब चालायचं असेल तर मात्र वॉटरप्रूफ बूट, वर बर्फ आत जाऊ न देणारे गेटर, आणि बुटाला बसणारे मायक्रोस्पाईक, म्हणजे छोट्या दातांच्या साखळ्या. पोल ॲल्युमिनियमचे. कार्बनचे हलके असतात पण दगडात अडकले तर तडकन तुटतात, ॲल्युमिनियमचा वाकतो आणि वाकलेल्या पोलवर खाली उतरता येतं.

गॉगल कॅटेगरी 4 चा, बाजू झाकलेला. दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो, डोळे भाजले तर दोन दिवस कुणीतरी हाताला धरून नेणार. या गॉगलवर गाडी चालवायची नसते, काच फार गडद असते. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खालून आणि हनुवटीखालूनही लावा.

पॉवरबँक नाईटकोअरची 10000 एमएएचची, 150 ग्रॅम, हलकेपणात तिला पूर्ण मार्क. शून्याच्या खाली फोन चार्ज करू नका, बॅटरी कायमची खराब होते, आधी दोन्ही बॅगेत गरम होऊ द्या. पेटझलचा बिंदी हेडटॉर्च 35 ग्रॅमचा, कॅम्पमध्ये मस्त, पण मध्यरात्री निघून खिंड गाठायची असेल तर मी सेल बदलता येणारा, मोठा आणि जड हेडटॉर्च घेते आणि त्यात लिथियमचे सेल टाकते, अल्कलाईन थंडीत मान टाकतात. सॅटेलाईटवरून मेसेज पाठवणारं गार्मिनचं इनरीच मिनी 2 फक्त 100 ग्रॅमचं आहे, एकट्याने जाणाऱ्यांनी नक्की विचार करावा, मात्र काही देशांत असं यंत्र परवानगीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, आधी नियम बघा.

औषधांच्या पिशवीतून काहीही कमी करायचं नाही, त्यात उंचीच्या आजाराची औषधं डॉक्टरांना विचारून, आणि फोड, जुलाब, डोकेदुखी यांचं सगळं.

राहिले हातमोजे. आत पातळ लायनर, वर जाड मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र असणारा, कारण एकमेकांना टेकलेली बोटं गरम राहतात. मिटनला मनगटाची दोरी असू द्या, खिंडीतल्या वाऱ्यात काढलेला मोजा क्षणात उडून जातो. आणि जादा जोडी घ्याच, सत्तर-ऐंशी ग्रॅम गेले तरी चालतील. ती सॅकच्या तळाशी नको, वरच्या झडपेच्या कप्प्यात ठेवा, लागेल तेव्हा बोटं आधीच बधिर झालेली असतात आणि चेन एवढीच काय ती उघडता येते.